थँकफुल मावशीचा लिलाव

पक्षप्रमुखांच्या त्या पत्राला जोथम अ‍ॅव्हरिलने बरेच दिवस उत्तर धाडलं नव्हतं. मजकूर गोड होता, आणि एव्हाना गावभर झाला होता: गरिबांचा लिलाव बंद करणारं तुमचं विधेयक मागे घ्या, येत्या निवडणुकीत सिनेटची उमेदवारी तुमचीच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विधानसभेत त्याची उमर मागच्या बाकावर गेली होती. मोह झाला नाही, असं कसं म्हणावं?

मार्चमधली गावसभा खानावळीत भरली. अध्यक्ष नेहमीप्रमाणे जोथमच. रस्ते, कुंपणं, मोकाट डुकरं हे विषय उरकले आणि निराधारांची पाळी आली. यंदा एकच होती: थँकफुल पीस, गावाची म्हातारी सुईण. नवरा गेला, हात थरथरू लागले, कमाई थांबली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिला वर्षभर पोसायला गावाकडून जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी तिने राबायला जायचं.

"म्हातारीला बाकावर चढवा रे, दिसू दे तरी!" खानावळवाला रूफस ओरडला. "दात चारच उरलेत, खाण्याचा खर्च नाही!"

हशा पिकला.

"मी चढणार नाही," थँकफुल म्हणाली. "रूफस, तू पायाळू. आईच्या आधी तुला मी हातात घेतलं. तेव्हा तुला एकही दात नव्हता. कुणी भाव केला नाही तुझा."

बोली उतरत उतरत एशर डॉबिनवर थांबली. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे दिलेला आंधळा टोबायस गोठ्यात गारठून मेला होता. सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाण हातोडा, जोथम," एशर म्हणाला. "जेवण थंड होतंय."

हातोडा पडल्याशिवाय बोली पक्की होत नसे. जोथमने तो उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मावशी, तुम्हाला काय हवंय?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"माझं घर, माझी चूल. द्यायचं ते तिथे द्या. मरायचंच तर माझ्या अंथरुणात मरेन."

जोथमने हातोडा टेबलावर अलगद ठेवला. "ही बोली मी पक्की करणार नाही. मावशींचा शिधा त्यांच्या घरी पोचेल. कुणाला पटत नसेल तर पुढे या, हातोडा उचला. पण माणूस विकायचं, तर आपल्या हाताने विका."

एकही खुर्ची सरकली नाही.

"सिनेट विसर मग," एशर गुरगुरला. "माझंही मत तुला मिळायचं नाही."

"नको देऊस."

गावाचं टपाल त्याच खानावळीतून जाई. जोथमने रूफसकडे कागद मागितला आणि उभ्यानेच लिहिलं: 'विधेयक मागे घेणार नाही. उमेदवारी दुसऱ्याला द्या. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी मी बोलायला उभा राहणार आहे.' घडी घालून त्याने लाख लावली आणि सगळ्यांच्या देखत पत्र थैलीत टाकलं.