सागाच्या पानावरचा वाटा

फोडणीच्या पळीत शिसं वितळत होतं आणि मी नाकाला पदर लावून दारात उभी होते. उणकलच्या तळ्यावरच्या कोळ्यांनी टाकलेल्या जुन्या जाळ्यांची ती वजनं; ह्यांनी भंगारवाल्याशी गोड बोलून मिळवलेली. त्यांच्या गोळ्या झाल्या, पळी मात्र गेली. तिच्यात पुन्हा फोडणी घालायची माझी छाती झाली नाही.

हे म्हणजे पुंडलिक. कागदावर लिहायला हरकत नाही, तोंडानं ते नाव मी अजून घेत नाही. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात दिवसभर गज घेऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. बायकांनी दहा लुगडी उलगडायला लावून अकरावं मागितलं तरी कपाळावर आठी नाही. असा माणूस बंदुकीच्या गोळ्या ओततोय म्हटल्यावर शेजारीपाजारी हसणारच. हसले.

कारण माझं माहेर. कलघटगीच्या अलीकडचं गाव, रान घराला लागलेलं. दसरा झाला की गडी पारधीला जातात. मिळालेल्या जनावराचे वाटे देवळापुढं सागाच्या पानांवर घालतात. हाकाऱ्याला वाटा, कुत्र्यांना वाटा, आणि ज्याची गोळी लागली त्याला मुंडकं आणि मांडी. एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं पुढं येऊन आपलं पान उचलायचं. जावयाचं पान नसतं. तो पाहुणा. त्याला घरात लोडाला टेकवून आयता रस्सा वाढतात. ह्यांनी लग्नापासून दरसाल तो मुकाट्यानं खाल्ला. आणि एका वर्षी, चांगलं जेवण झाल्यावर, परतीच्या गाडीत मला म्हणाले, "मला पानावरचा पाहिजे."

काडतुसाच्या बंदुकीचा विचारही आमच्या घरात करण्यासारखा नव्हता. जुन्या हुबळीतल्या एका विधवेच्या माळ्यावर नवऱ्याची ठासणीची बंदूक पडून होती, ती घेतली. परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. फुटका दस्ता तांब्याच्या तारेनं आवळला. नळीत ठासायला चिंध्या लागतात, त्यांची दुकानात ददात नव्हती. दारू मात्र महाग, म्हणून सराव कोरडाच. परसात उभं राहून नळीच्या टोकाला पाण्यानं भरलेला तांब्या टांगायचा आणि पाणी हिंदकळेनासं होईपर्यंत नेम धरायचा. मी तिथंच भांडी घासत असायची. पहिल्या महिन्यात माझ्या डोक्यावर बरंच पाणी पडलं. पावसाळा सरेपर्यंत पडायचं थांबलं.

शेवटी कपडे. ठाणातला उरलेला खाकी तुकडा मालकांनी स्वस्तात दिला, त्याचा सदरा नि विजार शिवून आली. मी म्हटलं, एकदा पाण्यातून काढते. तर कापडाच्या दुकानातला माणूस माझ्याकडं असा बघत राहिला की जसं काही मी देव धुणी धुवायच्या दगडावर आपटायला निघाले.

"दसऱ्याचं नवं कापड कुणी धुऊन घालतं का?"

खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली, सदऱ्याच्या कॉलरला कुंकू लागलं, आणि आम्ही माहेरी गेलो.

पारधीत काय झालं ते माझ्या थोरल्या भावानं, रामचंद्रअण्णानं, नंतर सांगितलं. सकाळी हाकारा झाला, चितळांचा कळप सरळ ह्यांच्या झुडपाकडं आला. ह्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि नव्या सदऱ्याची बाही पापड मोडल्यासारखी वाजली. कळपानं कान टवकारले. हे वळले तर विजार वाजली. कळप गेला.

"जावईबापू," अण्णा म्हणाला, "एवढी खळ घालून आलाय, हरणाला नेसवायचाय काय ह्यो सदरा?"

सगळं रान हसलं म्हणे. ह्यांनी सदरा काढला, विजार काढली, दुकानात फळीवर ठेवतात तशी दोन्हींची घडी घातली आणि दगडावर ठेवली. खांद्यावरचा जुना पंचा कमरेला कासोटा मारून गुंडाळला, अंगाला चिखल फासला आणि सासुरवाडीच्या गड्यांसमोर तसेच उघडे जाऊन बसले. अण्णाला हसू आवरेना, पण त्यानं मान वळवून हसून घेतलं.

दुपारच्या हाकाऱ्याला शिंगांचा एक नर निघाला. ह्यांचा बार झाला. लागला, पण जनावर पडलं नाही, झाडीत घुसलं. गड्यांनी भाकऱ्या सोडल्या. ठासणीच्या बंदुकीचं असंच असतं, आता ते बिबट्याचं झालं, बसा, असं सगळे म्हणाले. हे उभ्यानंच नळीत दारू ठासत होते.

"माझी गोळी त्याच्या अंगात आहे अण्णा. ते तिकडं कण्हत असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरायचा?"

आणि रक्ताच्या थेंबांमागं एकटे गेले. करवंदीच्या जाळीतून उघड्या अंगानं. बराच वेळ काही नाही. मग लांबून दुसरा बार ऐकू आला, तेव्हा रामचंद्रअण्णा हातातली भाकरी खाली ठेवून उठला.

दिवस कलताना देवळापुढं पानं मांडली. मी बायकांत उभी होते. पुढच्या पानावर मुंडकं आणि मांडी ठेवलेली होती आणि नाव कुणी पुकारत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, जावयाचं पान मांडायची चाल नाही, अण्णाच्या नावानं उचला, घर एकच. चंद्रभागावहिनीही मला हळूच म्हणाल्या, वन्सं, घरात सगळी तयारी आहे, त्यांना आत बोलवा की. मी हलले नाही. हे हाकाऱ्यांच्या मागं उभे होते. चिखल वाळला होता, छातीवर काट्यांचे ओरखडे होते. मला वाटलं, हा माणूस आता मुकाट्यानं मागच्या मागं घराकडं वळेल. त्याला ती सवय आहे.

अण्णानं सुरी पंच्याला पुसली.

"पुंडलिक," त्यानं हाक मारली.

बापू नाही, राव नाही. गावातल्या पोरांना मारतात तशी, नुसती. माझ्या माहेरच्या माणसाच्या तोंडी ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

गड्यांनी वाट दिली. हे पुढं आले, वाकले आणि दोन्ही हातांनी पान उचललं. ओझं बरंच होतं. एकानं हात पुढं केला, त्याला ह्यांनी मानेनंच नको म्हटलं. पान देठाशी फाटलं होतं, तिथून रक्त ह्यांच्या मनगटावर आणि कोपरापर्यंत ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. तसेच, सावकाश, सगळ्या गावासमोरून माझ्याकडं चालत आले.