सत्तर किलोमीटर, पस्तीस मिनिटे

अमरावतीच्या बेलोरा विमानतळापासून अकोल्याच्या शिवणी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सत्तर किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ पस्तीस मिनिटे, असे मनोजच्या मोबाइलवर लिहिले होते. या दोहोंमध्ये एकही प्रवासी विमान जात नाही, हे मात्र तेथे लिहिलेले नव्हते.

मनोज अमरावतीचा संत्र्याचा व्यापारी. कुर्बानभाई शिवणीत कूलर दुरुस्त करतात आणि गच्चीवर कबुतरे पाळतात.

"तुमची नूरी विमानाले हरवते काय, भाई?" मनोजने डिवचले.

"पस्तीस मिनिटांत येऊन दाखवते. नाई आली तं पाखरू तुमचं!"

ताशी एकशेवीस किलोमीटरचा वेग कबुतरास साधत नाही, हे मी तेथल्या तेथे सिद्ध करून दाखविले. पण शब्द निघून गेला होता. नूरीच्या आईबापांना ससाण्याने नेले, तेव्हा कुर्बानभाईंनी तिला हाताने दाणा भरवून जगविले होते. पणाला लागली ती तीच.

निवृत्त भूगोलशिक्षक म्हणून पंच मला नेमण्यात आले. विमानांच्या वाटेत पक्षी सोडण्यास मी ठाम नकार दिला. म्हणून तितक्याच अंतरावरील एका संत्र्याच्या बागेतून मनोजने रविवारी सकाळी सातला तिला सोडले आणि फोन केला. कुर्बानभाईंच्या गच्चीवर मी घड्याळ लावले. पस्तीस मिनिटे सरली. कुर्बानभाई आकाशावरून नजर काढीनात. एकसष्टाव्या मिनिटाला नूरी खुराड्यावर उतरली.

"विमान तर अजूनही आलेले नाही," मी निदर्शनास आणले. "मग ही हरली कोणाशी?"

"सर, वकिली नोका करू. जबान देली होती." त्यांनी तिला पाणी पाजले आणि टोपलीत घातले.

मनोजने तिला महिनाभर जाळीत ठेवले. आता ती रुळली, असे समजून त्याने एके सकाळी दार उघडले. लगेच माझा फोन वाजला.

"सर, पाखरू उडालं. घड्याळ लावा!"

अठ्ठावन्न मिनिटे. त्याच दुपारी कुर्बानभाई टोपली घेऊन एसटीने अमरावतीस गेले. अडीच तास लागले. आठवड्याने नूरी पुन्हा गच्चीवर हजर. या खेपेस साठ.

"किती चकरा मारता, भाई? ठेवा तिले," मनोज फोनवर म्हणाला.

"फुकट नाई ठेवत. थांबा जराक."

दोन महिन्यांनी ते पुन्हा एसटीत बसले, तेव्हा टोपलीत नूरीचे पिलू होते. मीही सोबत होतो.

"हे अजून उडालं नाई," त्यांनी मनोजला सांगितले. "तुमच्या गच्चीवरून पयल्यांदा उडन, तं जलमभर तुमच्याकडंच येईन."

पिलू मोठे झाले, की ते शिवणीहून सोडावयाचे ठरले आहे. माझ्या वहीत अमरावती ते अकोला या मार्गाच्या तीन नोंदी आहेत. परतीचा रकाना रिकामा आहे. पश्चिमेचा वारा असल्यास तेथे पंचावन्न मिनिटांहून अधिक पडणार नाहीत, असे माझे मत आहे.

कुर्बानभाईंना ते मान्य नाही. ते पस्तीसवरच अडून आहेत.