सांगून थांबणारं घड्याळ

सिस्टरच्या लॉकरमध्ये एक गुपित होतं, आणि ते टिकटिक करत असे.

सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा आणि ऐकून ऐकून गल्लीही तेच म्हणायला लागली होती. नवरा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे भिंतभर लंबकाची घड्याळं. त्यांच्या ठोक्यांवर ताल धरून तिने भांडी घासली, मुलीला जोजवलं, मुलगी मोठी होऊन दूरगावी नांदायला गेली तेव्हा त्याच ठोक्यांत डोळे पुसले.

लग्नात त्याने तिला एक घड्याळ दिलं होतं. नखाएवढी तबकडी, केसासारखे काटे, रोज सकाळी किल्ली द्यायची. बघणारीने मनगट धरूनच ठेवावं असं देखणं. पण त्याला सेकंदकाटा नव्हता आणि नाडी मोजायची तर तो हवाच. तिने सांगितलं, त्याने हौसेने दुसरं दिलं. ते वॉर्डातल्या पाण्यापुढे टिकेना. सिस्टरचे हात दिवसभर नळाखाली. काच आतून घामेजायची, काटे अडखळायचे. घड्याळजीने ते खोललं, पुसलं, तेल घालून परत दिलं. पुन्हा तेच. पुन्हा खोललं. भिंग डोळ्याला लावून तो टेबलावर वाकला की त्याची ती वाकलेली पाठ तिला बघवेना. एक दिवस ती म्हणाली, आता अगदी झकास चालतंय. ते चालत नव्हतं.

त्याच सुमारास वॉर्डातल्या एका म्हातारीचा खलाशी मुलगा जपानहून आणलेलं घड्याळ विकायला बघत होता. पोलादी, साधंसुधं. पाण्यात बुडवा, काही होत नाही. अंधारात काटे चमकतात, किल्ली नको, महिन्यात मागेपुढे झालं तर काही सेकंदच. किंमत म्हणाल तर बऱ्यापैकी बुटांच्या जोडाएवढी. सिस्टरने घेतलं, हातात घातलं, आणि संध्याकाळी घरी निघताना काढून लॉकरमध्ये ठेवलं.

कारण असल्याच घड्याळांनी तिच्या नवऱ्याचं दुकान ओस पाडलं होतं. लोक सेलची घड्याळं घ्यायला लागले आणि किल्लीची कपाटात गेली. घड्याळजीच्या दारात कुणी सेलचं घड्याळ घेऊन आलं की तो चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, “हे घड्याळ नव्हे, टॉर्च आहे. टॉर्चवाल्याकडे जा.” गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा, पण पडद्याआड उभ्या असलेल्या बायकोला त्या हसण्यातली कळ ऐकू यायची.

म्हणून ते जपानी घड्याळ कधी घरी आलंच नाही. लॉकरमध्ये राहायचं. कामावर आलं की त्याने दिलेलं काढायचं, पोलादी घालायचं, जाताना उलट. सोबतच्या नर्सा चेष्टा करायच्या, “आला का गं तुझा लपवलेला?” तीही डोळे मिचकावून म्हणायची, आला, आणि वेळेवर आला. वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, त्या घड्याळाच्या काचेवर चार रेघा आल्या, एवढंच.

दवाखान्याच्या फाटकाशी एक टपरीवाला होता. सेल संपायची वाट न बघता तो आपणहून बदलून द्यायचा. यंदा तो टपरी विकून मुलाकडे राहायला गेला, आणि आता सेल आपणच बघायचा हे सिस्टरच्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी ती एका पेशंटची नाडी धरून उभी होती. बोटाखाली ठोका, डोळ्यासमोर काटा. आणि काटा उभाच राहिला. मग एकदम दोन घरं उडी मारून पुढे. पुन्हा उभा. पुन्हा उडी. तिची मोजणी चुकली, पेशंटने घाबरून विचारलं की काही वाईट आहे का, आणि ती हसून म्हणाली, तुमचं उत्तम आहे हो, माझंच काहीतरी बिघडलंय.

बाजारात चार्जर नि सेल विकणाऱ्या बाईकडे ती गेली. बाईने नवा सेल काढून दिला, पण पाठीचं झाकण तिला उघडेना. सुरी घसरून पोलादावर ओरखडा उठला, तेव्हा बाई म्हणाली, जुनं झालंय, फेका, नवीन घ्या. फेका म्हणे. जे घड्याळ बघून तिने कित्येक बाळांचा पहिला श्वास टिपून ठेवला आणि कित्येक म्हाताऱ्यांचा शेवटचा, ते फेका. सिस्टरने सेल पर्समध्ये टाकला आणि घरी जाईपर्यंत मनात एकच घोळवलं. झाकण उघडेल असा एकच माणूस तिला माहीत होता, आणि त्याच्याचपासून तिने ते एवढी वर्षं दडवलं होतं. राग तर येईलच, तो ती सोसेल. पण उभा जन्म त्याने दिलेलं घड्याळ तिने फक्त घर ते फाटक एवढंच वापरलं, हे कळल्यावर त्याच्या तोंडावर जे उमटेल ते बघायचं कसं?

दुकानात शुकशुकाट होता. हल्ली असायचाच. घड्याळजी हात बगलेत खुपसून बसला होता. तिने घड्याळ मखमली फडक्यावर ठेवलं.

“कुणाचं?”

“माझं.”

मग तिने सगळं सांगितलं. लॉकर, खलाशी, पाणी, ते “झकास चालतंय”. सांगताना ती त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या लंबकांकडे बघत होती.

घड्याळजीने ते उचललं. सवयीने कानाला लावलं. मग भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या घड्याळासमोर धरून उभा राहिला. काटा थांबला, उडाला. थांबला, उडाला. ती टोमण्याची वाट बघत होती. टॉर्च म्हणेल, मग गप्प बसेल, मग जेवणार नाही.

“हे मागे पडत नाहीये,” तो म्हणाला.

“पण उड्या मारतंय.”

“मारू दे. उडी मारतंय आणि बरोबर जागी येऊन बसतंय. दोनच घरं. कमी नाही, जास्त नाही.” तो पुन्हा बघत राहिला. “मी जन्मभर बिघडलेली घड्याळं बघितली. बिघाड इतका शिस्तीत नसतो गं. हे कुणीतरी मुद्दाम केलंय.”

तो स्टुलावर बसला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. तिला ते ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत एखादं अडलेलं यंत्र सुटलं की तो असा दिसायचा. तो म्हणाला की सेल संपत आलाय. आता घड्याळ उरलेली ताकद जपून खर्च करतंय, दोन पावलं एकदम टाकतंय, आणि घालणाऱ्याला खूण करतंय की बाई, माझं संपत आलंय, थांबायच्या आत काय ते बघ. वेळ मात्र चुकू देत नाही. तिकडे जपानात कुणीतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला.

“आम्ही घड्याळ चालेल कसं एवढंच बघत राहिलो,” तो म्हणाला. “त्यांनी ते थांबेल कसं हेसुद्धा बघितलं.”

माणसं अशी सांगून थांबती तर, एवढंच सिस्टरच्या मनात आलं.

“रागावला नाहीत?”

“रागावलोय,” तो म्हणाला. “घड्याळावर नाही.” आणि त्याने झाकण उघडायची पातळ सुरी उचलली.

सुरीचं टोक झाकणाच्या खाचेपाशी गेलं आणि थरथरलं. घसरलं. चार्जरवालीच्या ओरखड्याशेजारी दुसरा ओरखडा उठला. त्याने पुन्हा धरली. पुन्हा थरथर. हजारो मनगटं धरलेल्या बाईला त्या हाताचं निदान करायला क्षण लागला नाही. तिला धक्का बसला तो एवढे दिवस हे आपल्याला कसं दिसलं नाही याचा. बगलेत खुपसलेले हात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं. गिऱ्हाइकांना हसून घालवून देणं.

“कधीपासून?”

त्याने सुरी खाली ठेवली. मग त्या उड्या मारणाऱ्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “याला सांगायला जमलं, मला जमलं नाही.”

आणि त्याने टेबलाचा खण ओढला. आत घड्याळं. चिठ्ठ्या बांधलेली, दुरुस्तीला घेतलेली आणि न झालेली. वकिलांचं, शाळामास्तरांचं, कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं. सगळ्यांना तो आज-उद्या करत होता. स्प्रिंग केसाहून बारीक, चिमट्यात धरली की निसटते. डोळे अजून पक्के आहेत, म्हणाला, कुठलं चाक कुठे ते डोळे मिटून सांगेन, पण हात ऐकत नाहीत. आणि तुला सांगितलं असतं, तर तू मला पेशंट केलं असतंस.

“केलंच असतं,” सिस्टर म्हणाली.

तिने बाह्या वर सारल्या आणि मागे जाऊन हात धुऊन आली. बाळाच्या डोक्यावरच्या दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालणारे हात ते. तिने सुरी घेतली. तो शेजारी वाकून सांगू लागला, तिथे नाही, अगं खाच बघ, हां, आता मनगट नको, अंगठा फिरव. झाकण टक् करून सुटलं. आतलं यंत्र बघून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंग तिच्या डोळ्याला लावलं.

“बघ. स्क्रू आहेत. माणकं आहेत. याला उघडणारं कुणीतरी असेल हे त्यांनी गृहीत धरलंय. आणि मी याला टॉर्च म्हणत होतो.”

“माणकं कुठायत?”

“ते लाल ठिपके, चाकांचे आस ज्यांत फिरतात ते. डोळे आहेत का बटणं?”

“माझे हात घ्या, माझे डोळे काढू नका,” ती म्हणाली, आणि तो मोकळं हसला, कळ नसलेलं.

जुना सेल निघाला, नवा बसला. झाकण मात्र बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाब, तो म्हणाला, पोळलं तरी सोडू नकोस असं दाब. बसलं.

मग त्याने खणातलं वकिलांचं घड्याळ उचलून फडक्यावर ठेवलं आणि स्टुलावर थोडा सरकला.

सिस्टरने ते परत खणात ठेवलं. आधी सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे, म्हणाली, मग वकील.

“आधी वकील,” तो म्हणाला. “ते रोज दारावरून जातात. तोंड चुकवून चुकवून माझी मान दुखायला लागली.”

“मानही दाखवू.”

तो कुरकुरला. म्हणाला, निदान झाकण तरी उघडून बघू, आत काय झालंय ते. तिने भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं, स्वयंपाक राहिला होता म्हणून पडद्याकडे बघितलं, आणि मग त्याच्याकडे.

“फक्त झाकण,” ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.