होडी येईपर्यंत

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी प्लास्टरची खोली होती आणि तिथल्या प्लास्टरवाल्याला सगळे ‘समीक्षक’ म्हणत. नाव कौतुकानंच पडलं होतं. मोडका हात ताणून धरला की माणूस कळवळतो. त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायला समीक्षक नव्या पिक्चरांबद्दल आणि गेमबद्दल मतं द्यायचा. मतंही अशीतशी नाहीत, अगदी ठणठणीत. “हिरो रडतो तेव्हा आपल्याला हसू येतं आणि विनोद करतो तेव्हा रडू, बाकी पिक्चर झकास.” “त्या गेममधला राक्षस म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, आवाजच जास्त.” पेशंट हसायचा, आणि तेवढ्यात प्लास्टर बसलेलं असायचं.

गोम एकच होती. हा गृहस्थ कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत पाहत नसे. दिवसभर उभा राहून घरी गेला की सोफ्यावर टेकायचा आणि पिक्चरच्या मध्यंतरापर्यंत त्याची मान कललेली असायची. गेमचंही तेच. सुरुवात झाली, जरा हात बसला, की स्वारी दुसऱ्या गेमकडे. उरलेला भाग तो मनानं रचायचा, नाहीतर इकडून तिकडून ऐकलेलं आपलं म्हणून ठोकून द्यायचा. इतक्या वर्षांत कुणी पकडलं नव्हतं. प्लास्टर काढायला आलेल्या माणसाला घरी पळायची घाई असते, पिक्चरच्या शेवटावर चर्चा करत कोण बसतंय?

शिवणक्लासच्या बाई बसल्या.

दीड महिन्यापूर्वी त्या उजवं मनगट मोडून आल्या होत्या. घरी त्या आणि मोठी बहीण, दोघीच. बहीण हळूहळू सगळं विसरत चाललेली. बाथरूममध्ये तिचा तोल गेला, बाई धरायला गेल्या आणि दोघी पडल्या. बहिणीला खरचटलंसुद्धा नाही.

“आता इतके दिवस सुई धरायची नाही म्हणजे मी करू तरी काय?” बाईंनी विचारलं होतं.

“मोबाइलवर एक गेम आहे,” समीक्षक म्हणाला होता. “एका बोटानं खेळता येतो. मारामारी नाही, काही नाही. समुद्रातलं बेट, त्यावर दीपगृह, आणि तुमच्यासारख्याच दोघी बहिणी. आपण धाकटी. दिवा लावायचा, मासे धरायचे, आजारी बहिणीला वर जेवण नेऊन द्यायचं. आणि शेवट! बाई, मी रडलो. माझ्यासारखा दगड रडला.”

खरं म्हणजे तो दाराला निळा रंग देऊन, दोन मासे पकडून घोरायला लागला होता.

आज बाई प्लास्टर काढायला आल्या त्या खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, “गेम संपवला मी. कधी एकदा तुमच्याशी बोलते असं झालं होतं. घरी कुणाला त्यातलं काय कळणार?”

“आवडला ना?” समीक्षकानं त्यांचा हात टेबलावर घेतला.

“ते राहू दे. आधी सांगा, होडी आली तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“होडी. हां, होडी,” तो म्हणाला आणि प्लास्टर कापायच्या कटरची वायर सोडवायला लागला.

“मी बसले हो. बहिणीला त्या कोळिणीच्या हवाली केलं आणि बसले होडीत. तेव्हापासून जिवाला चैन नाही. बसायचं की राहायचं, तो गेम सांगतच नाही काही. तुम्ही बसलात की राहिलात?”

समीक्षकाला एक मात्र चांगलं येत होतं. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याला तोंडावरून कळायचं. “बसलो की!” तो बेधडक म्हणाला. “बसायलाच हवं. आपलंही आयुष्य असतं ना, बाई.”

बाईंनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसला.

“सुटले मी,” त्या म्हणाल्या. “उद्या ताईला न्यायला गाडी येतेय. भावानं संस्थेत जागा मिळवलीय. संस्था चांगली आहे म्हणतात. पण विचारायचं कुणाला? भाऊ म्हणणार पाठव, शेजारीण म्हणणार पाठवू नकोस. ज्याचं त्याचं काहीतरी असतंच. म्हटलं, एकच माणूस असा आहे की जो यातून गेलाय, गेममध्ये का होईना, आणि त्याला आमच्या घराशी काही घेणंदेणं नाही. तुम्ही बसला असाल तर मीही मन घट्ट करायचं, असं ठरवूनच आले होते.”

समीक्षकाला पुढचं काही ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यानं कटर चालू केला. घरघराट सुरू झाला. बाई काहीतरी बोलत होत्या, छान हसत होत्या. कोपरापासून अंगठ्यापर्यंत एक बाजू कापून झाली, आणि दुसरी बाजू कापायला हात उचलेना. त्यानं कटर बंद केला.

“बाई, मी तो गेम खेळलोच नाही.”

“म्हणजे?”

“दार रंगवलं, दोन मासे धरले आणि झोपलो. होडी येते हे मला आत्ता तुमच्याकडून कळलं.”

“आणि रडलात ते?”

“तेही नाही.”

“मग सांगितलंत कशाला?”

याला उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. “तसं सांगितलं की लोक ऐकतात,” तो कसाबसा म्हणाला.

बाईंना उठून जायची सोय नव्हती, हात अर्धवट कापलेल्या प्लास्टरमध्ये अडकलेला. त्याला पळून जायची सोय नव्हती. त्यानं दुसरी बाजू कापली, प्लास्टर उकललं, कापूस सोडवला. आतून पांढराफटक, वाळलेला हात निघाला. तो त्यानं कोमट पाण्यानं पुसला. एरवी या वेळी त्याच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. आज त्याला मान वर करवत नव्हती.

“बोटं उघडझाप करा. दुखतंय?”

“नाही.”

दारापर्यंत गेलेल्या बाई परत वळल्या. “मी डाव्या हातानं खेळून संपवला. तुमचे तर दोन्ही धड आहेत. घरी जा आणि खेळा, होडी येईपर्यंत. मग खरं काय केलंत ते मला फोन करून सांगा. गाडीवाल्याला मी सांगते दोन दिवस थांबायला.”

“अहो, माझ्यावर कशाला टाकता?”

“मत दिलंत ना? मग द्या आता नीट.”

समीक्षक घरी गेला आणि सोफा सोडून स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसला. बायकोला वाटलं, याला बरं नाही. गेममधली बहीण रोज तेच विचारायची, ‘कोण आलं?’ आपण उत्तर दिलं की ती झोपायची, आणि जेवण नेलं की परत ‘कोण आलं?’ पहिल्या संध्याकाळीच तो कंटाळला. बोट दाबून धरलं की तिचं बोलणं भराभर पुढे जातं, असा शोध त्याला लागला, आणि मग त्यानं तिचा एकही शब्द धड वाचला नाही. दुसऱ्या संध्याकाळी होडी आली. कोळीण बाजूला उभी, आणि वरच्या मजल्यावर ती. त्यानं बाईंना फोन लावला.

“होडी आली, बाई.”

“मग?”

“मला बसावंसं वाटतंय,” तो म्हणाला. “पण ते कशामुळे ते सांगतो. तिचं बोलणं मी ऐकलंच नाही. बोट दाबून सगळं पुढे ढकलत आलोय.”

पलीकडून लांबून एक थकलेला आवाज आला, “कोणाचा फोन गं?”

“प्लास्टरवाल्यांचा, ताई,” बाई म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, “हं, बोला.”

त्यानं बोलायला तोंड उघडलं, तोच परत आवाज आला, “कोणाचा फोन गं?”

“प्लास्टरवाल्यांचा, ताई. माझा हात बरा केला ना, ते.”

बाईंचा आवाज चढला नाही की त्रासला नाही, जणू पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मग तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला, आणि बाईंनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं. समीक्षकाचे कान लाजेनं तापले. हातातल्या मोबाइलवर बोट दाबून धरायला जागा नव्हती, सगळं ऐकावंच लागत होतं.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “पाठवा नाहीतर ठेवून घ्या, पण माझं मत धरू नका.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना फोन ठेवावा लागला, कारण आतून परत हाक आली होती.