ताठाबाईची शर्यत

डोळे मिटा आणि कल्पना करा, की शेजारी कुणीतरी धाडकन दार आपटलं. तुम्ही दचकाल, मग हसाल. आता अशी एक नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा, जी दचकली की लाकडासारखी ताठ होते आणि उभीच्या उभी आडवी होते.

बाबा तिला लाडानं ताठाबाई म्हणत. खरं तर तेही दचकले की तसेच आडवे होत. हा आजार मोजक्याच घरांत असतो, पण त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. त्यामुळे या घरात शिंकसुद्धा आधी जाहीर करावी लागे. एकदा आजोबांनी तीनदा वर्दी दिली, सगळे भिंतीला टेकून बसले, आणि शिंक आलीच नाही.

ताठाबाईला शाळेच्या शर्यतीत धावायचं होतं. पण सरांची शिट्टी वाजली, की ती रेषेवरच आडवी. सर म्हणाले, यंदा तू टाळ्या वाजव.

ती फुरंगटून आत्याच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली. आत्या याच आजारावर काम करायची. तिनं समजावलं, की शरीरात 'आता पुरे' असा एक निरोप फिरतो. तो पेशींवरच्या इवल्या दारांतून आत शिरला, की दचका ओसरतो. ताठाबाईची ती दारं जन्मापासून नीट उघडत नव्हती. म्हणून आत्या बशीतल्या निरोगी पेशींवर दारं अडवणारी रसायनं टाकून काय होतं ते बघायची.

"माझी आधीच अडलीत, आणि तू आणखी अडवत बसतेस?"

"कुठं अडतं ते कळलं, तरच सोडवता येईल ना, बाई."

मग आत्यानं तिला दचका मोजायच्या खुर्चीत बसवून पट्टा बांधला. आवाजाचं बटण दाबण्याआधी घरच्या सवयीनं तिच्या तोंडून निघालंच, "आवाज करते हं." मोजणी वाया गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आत्यानं ओठ घट्ट मिटले, पण मान डोलावली.

"दे इकडे, मीच दाबते," ताठाबाई वैतागून म्हणाली.

मोठ्ठा आवाज झाला. आत्या टुणकन उडाली. पडद्यावरची ताठाबाईची रेघ मात्र जेमतेम हलली. आत्यानं तिच्याकडून पाच वेळा बटण दाबून घेतलं. मग ती म्हणाली, "आवाज तू स्वतः केलास, की तुझ्या अंगाला तो आधीच ठाऊक असतो."

शर्यतीच्या दिवशी ताठाबाईनं सरांपुढे हात पसरून शिट्टी मागितली. सरांना वाटलं, पोरीची समजूत पटली, आता ही बाजूला उभी राहून शर्यत सुरू करून देईल. त्यांनी शिट्टी दिली.

ती रेषेवर सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, शिट्टी फुंकली, आणि ती तोंडात तशीच धरून, दर श्वासाला पीं पीं करत, धावत सुटली.