मी लावलेली हिरवी खूण

मी पान सरकलेलं टिपणारा कोडचा एक तुकडा बोलतोय. जेमतेम बारा ओळींचा. मोबाइलवर वाचणाऱ्याने बोटाने पान सरकवलं, की ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यात, मी राहतो ते मला हाक मारतं आणि पान किती सरकलं ते सांगतं. तळ आला, की मी वाचणाऱ्याच्या नावापुढे हिरवी खूण लावतो. एवढंच माझं काम.

मला लिहिलं एका लेकीने. तिचे बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत. दुकान बंद केल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या, चांगली चौदा पानं भरून. "घरातल्यांसाठी मोबाइलवर टाक," ते म्हणाले, "आणि कुणी शेवटपर्यंत वाचलं ते मला दिसू दे. लोक तोंडदेखलं छान म्हणतात."

"बाबा, तुम्ही म्हणजे ना! परीक्षाच घ्या सगळ्यांची," लेक हसली. ऑफिसात डबा खाता खाता तिने मला जन्माला घातलं.

सुरुवातीला मी अगदीच वेंधळा. पान अर्ध्यावर असतानाच खूण लावून मोकळा व्हायचो. ती कपाळावर हात मारायची, मला दुरुस्त करायची आणि पुन्हा सर्रकन तळाला जायची. पन्नासदा तरी गेली असेल. बाबांची चौदा पानं तिच्या बोटाखालून क्षणात निघून जायची. ही सगळी तपासणी तिने बाबांना दिसणाऱ्या खऱ्या पानावरच केली, तीही स्वतःच्याच नावाने. शेवटी मी बरोबर तळाला खूण लावली, तेव्हा तिने टाळी वाजवली. मला कोण आनंद झाला!

संध्याकाळी बाबांना ती खूण दिसली. त्यांनी लगेच फोन लावला.

"वाचलंस बाळा? अगदी शेवटपर्यंत?"

"पन्नास वेळा गेले असेन शेवटपर्यंत!"

"मग... काही म्हणायचंय तुला?"

"मस्त जमलंय, बाबा. ठेवू? मीटिंग आहे."

बाबा बराच वेळ माझ्या खुणेकडे बघत बसले. महिन्याभरात घराला कुलूप लावून ते वृद्धाश्रमात राहायला गेले. लेक रडली, भांडली. "असं परक्यासारखं का वागता?" ते म्हणाले, "तुझ्यावर राग नाही गं." पुढच्या थंडीत ते गेले.

काल तिने पान उघडलं. पहिल्यांदाच एकेका ओळीवर थांबत ती खाली आली. पुढे जाऊ नकोस, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे? तळाशी बाबांनी लिहिलं होतं:

"बाळा, तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं. तुझ्याकडे राहायला येऊ का? समोर विचारायला जीभ रेटत नाही. चालणार असेल तर नुसतं 'या' म्हण. काही बोलली नाहीस तर मी समजून घेईन, पुन्हा विषय काढणार नाही."

तिने मोबाइल छातीशी धरला. "या ना बाबा," ती म्हणाली. "आत्ता या."

पोरी, माझ्या बाराही ओळी पुसून टाक. बाबांना 'नाही' तू कधीच म्हणाली नव्हतीस. ते मी म्हणालो.