चपला बाहेर काढाव्यात

"गुडघा एकदम फर्स्ट क्लास आहे, मावशी." डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकानं दाखवला. "बघा, किती सरळ बसलाय."

तानाबाईनं पाहिलं. तिला त्यात स्वतःचं काहीच ओळखू आलं नाही.

"गुडघा नाई दुखत, साहेब. घोटा दुखते. आतल्या अंगानं. टाच टेकली का जीव जाते."

"घोट्याचं ऑपरेशन आपण केलेलंच नाही ना."

"केलं नाई, पन दुखून तर राह्यला."

सोबत आलेल्या समतानं, तिच्या लेकीनं, कोपर मारलं. डॉक्टर हसले. वजन थोडं कमी करा, म्हणाले. तानाबाईचं वजन सत्तेचाळीस किलो होतं आणि ते त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं. मग त्यांनी चोळायची ट्यूब लिहून दिली आणि पुढच्या गुडघ्याला हाक मारली.

ही चौथी फेरी. चारही वेळा तिला टेबलावर निजवलं, गुडघा वाकवून पाहिला, किती अंश वाकतो ते मोजलं. एक्स-रेसुद्धा निजवूनच काढला. निजलेल्या बाईचा पाय काय बोलणार? तिला उभं करून, चालवून कोणी पाहिलं नाही. पोटरीच्या खाली बाई संपत असावी, असा त्या दवाखान्याचा समज होता.

बाहेर पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात. तानाबाई चारही वेळा चपला काढून आत गेली. आत्ताही तिनं त्या ढिगातून शोधून काढल्या, पायात घातल्या आणि घोट्यातली कळ दातात धरून स्टँडकडे निघाली.

"सोमवारचं कसं करशीन?" समतानं विचारलं.

"सोमवारी जाईन."

"उभं राह्यता येते का तुले?"

"न येऊन कसं चालीन? त्याच्यासाठी तर पाय कापू देल्ला."

जानेफळच्या शाळेत तानाबाई बारा वर्षं खिचडी शिजवत होती. दीडशे पोरांची. चार तास उभ्यानं काम. गावात दोन तानाबाई, म्हणून हिला फेंगडी ताना म्हणायचे. दोन्ही गुडघे बाहेर वाकलेले, मधून कुत्रं जाईल असे. उजवा फारच गेला तेव्हा सरकारी योजनेतून तो बदलून घेतला. तीन महिन्यांची सुटी मिळाली. तिच्या जागी अन्नपूर्णाबाई आली होती आणि आता जायला तयार नव्हती. सोमवारी तानाबाई उभी राहिली तर जागा तिची. नाहीतर अन्नपूर्णाबाईची.

मेहकरला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर रहेमतुल्लाचं दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, एक छत्री आणि बसायला दोन दगड. तानाबाईच्या चपला वीस वर्षांपासून तोच करायचा. आज ती नुसती सलाम करून पुढे जाणार होती. त्यानं हातातला बूट खाली ठेवला.

"थांबा तानाबाई. ते काय चालून राह्यल्या तुम्ही?"

"काय झालं?"

"पुन्हा जा त्या खांबापर्यंत. आन् या."

ती गेली, आली. रहेमतुल्ला तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता.

"चपला काढा. आता तशाच जा."

ती अनवाणी गेली, आली. लंगडत होती, पण कमी.

"भाईजान, डॉक्टरनं पाह्यलं ना तिले," समता म्हणाली.

"चपलीत पाह्यलं का?"

समतानं आठवून पाहिलं. चपला तर दाराबाहेर होत्या. घरात आई अनवाणीच. व्यायाम शिकवायला पोरगा यायचा, तोही चपला काढायला लावून शिकवायचा.

रहेमतुल्लानं उजवी चप्पल उलटी केली. तळाच्या बाहेरच्या कडेला टायरची एक जास्तीची पट्टी होती. तानाबाई बाहेरच्या कडेवर चालायची, चप्पल तिकडूनच झिजायची, म्हणून तो दर जोडाला ती पट्टी ठोकायचा. ती दवाखान्यात होती तेव्हा त्यानं न सांगता हा नवा जोड करून जानेफळला पाठवला होता. जुन्या मापावर. पैसे घेतले नव्हते. आणि तिनं घरी आल्यापासून, भेट म्हणून, दुसरी चप्पल पायात घातली नव्हती.

"गुडघा बाहीर गेला होता तवा टाच आत झुकली. तिनं तोल धरला, वीस-पंचवीस वर्सं. आता गुडघा सरळ झाला. टाचेले कोनी सांगतलंच नाई. वरून मी बाहीरून उचलून देल्लं." त्यानं चामडं कापायची रापी घेतली. "गलती माही हाये, बाई."

"तुमची कायची? तुमी तर पायाकडं पाह्यत तरी होते."

पट्टी उपटताना रहेमतुल्लानं खिळे गरजेपेक्षा जोरात ओढले. मग आतल्या बाजूला, टाचेखाली, चामड्याचा पातळ तुकडा बसवला.

"बरा होईन का?" तिनं विचारलं.

"खोटं नाई बोलत. टाच हट्टी झाली हाये. वर्स लागंन, नाईतर राहीन तशीच. पन ह्याच्यात उभं राह्यता येईन. अनवाणी नका उभं राहू. फरशीवर तर बिलकुल नाई."

तानाबाई त्या दगडावर बसूनच राहिली. जानेफळची गाडी लागली, समता उठली, तरी ती उठली नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात चप्पल चालत नव्हती. तो नियम कुणी साहेबानं केला नव्हता. तानाबाईनं केला होता. ती बौद्ध. बारा वर्षांपूर्वी ती शिजवायला लागली तेव्हा सत्तावीस पोरं घरून डबे आणायला लागली. जात कोणी काढली नाही. स्वच्छतेचं काय, एवढंच म्हणाले. जात काढायची नसली की लोक स्वच्छता काढतात. तेव्हापासून तिनं ते स्वयंपाकघर असं ठेवलं की बोट फिरवून पाहावं. मुख्याध्यापकांनासुद्धा बूट काढल्याशिवाय आत येऊ दिलं नाही. दीड वर्षानं डबे बंद झाले.

"भाईजान," ती म्हणाली, "अजून एक जोड करा. रबरी. धुता येईन असा. रस्त्याले लागनार नाई तो."

रहेमतुल्लानं कागद पसरला. "पाय ठेवा. नवं माप घेतो."

सोमवारी ती साडेसातलाच शाळेत पोचली. रस्त्याच्या चपला बाहेर काढल्या, पिशवीतून रबरी जोड काढला, नळाखाली साबणानं धुतला, पुसला आणि पायात घालून आत गेली. अन्नपूर्णाबाई तांदूळ निवडत होती.

"अगं माय! चपला घालून?"

"धुतल्या तुह्यासमोर."

"चप्पल ते चप्पल. तुमचाच कायदा ना वो हा? मले तर पायपुसण्यावरून बोलल्या होत्या तुम्ही."

"माहाच होता. मीच मोडून राह्यली."

"लोकं काय म्हनतीन?"

"मंग जाय ना सांगून ये. डाळ मी टाकतो."

अन्नपूर्णाबाई खरंच गेली. दहाच्या सुमाराला मुख्याध्यापक शेखर सर आले. नियमाप्रमाणे बूट बाहेर काढून, मोज्यांवर. मोबाईल हातात होता. रोज शिजवतानाचा फोटो वर पाठवावा लागायचा. सर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि गावात घाबरटपणानंही तेवढंच नुकसान होतं.

"बाई, पायाचं मला कळतंय हो," सर हळू आवाजात म्हणाले. "पण गावातले दोघंजण ऑफिसात येऊन बसलेत. स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे... तुम्हाला माहीत आहे कोणाच्या तोंडी काय येईल."

"माहीत हाये."

"अन्नपूर्णाबाईला राहू द्या अजून महिनाभर. तुम्ही बरं वाटलं की या."

"हे असंच राह्यनार हाये, सर. डॉक्टरच्या हिशोबानं मी फर्स्ट क्लास हावो. माह्या हिशोबानं मी चपलीत उभी राहून शिजवू शकतो. साडेसातपासून उभीच हावो. पाहा घड्याळात."

सरांनी घड्याळात पाहिलं नाही. खिचडीकडे पाहिलं. ती रटरटत होती.

"बरं," ते म्हणाले. "तूर्त फोटोपुरत्या काढा. मग घाला परत."

"नाई."

"मग मी कमरेपासून वर घेतो. पाय येणारच नाहीत. तुमचंही काम झालं, माझंही."

तानाबाईनं पळी पातेल्यात आपटली. आवाज ऑफिसापर्यंत गेला असावा.

"आतापर्यंत समद्यांनी तसंच पाह्यलं," ती म्हणाली. "पायासगट काढा. ज्याले बोलाचं त्यानं फोटो पाहून मले बोलावं."

सरांनी मोबाईल वर केला. एक पाऊल मागे गेले, आणखी एक गेले. खोली लहान होती. पातेलं यायचं, पदर यायचा, पाय राहायचे. मोज्यांनी ओल्या फरशीवर घसरत ते दारापर्यंत गेले आणि शेवटी उंबरा ओलांडून बाहेर मातीत उतरले.

"इकडं पाहा, बाई."

तानाबाईनं पाहिलं नाही. खिचडी बुडाला लागायला आली होती.